पाव्हणं, कुणाकडं? जुन्नरच्या शेतकरी गावात पहिल्यांदा येताना

गावात शिरताना पहिला प्रश्न हाच येणार. मारुतीच्या पारावर तिघं बसलेले असतात, त्यातला एक तंबाखू मळता मळता मान वर करतो आणि विचारतो, "पाव्हणं, कुणाकडं?" शहरातल्या माणसाला वाटतं, याला काय करायचंय? पण गावात रस्त्यानं चाललेला प्रत्येक जण कुणाचा तरी असतो. कुणाचा जावई, कुणाच्या सुनेचा भाऊ, कुणाकडं औषधाची बाटली पोचवायला आलेला दुकानातला पोऱ्या, कुणाच्या दारात वसुलीला निघालेला बँकेचा माणूस. उत्तर मिळालं की तोच तंबाखूवाला तुमच्या गाडीपुढं मोटरसायकल घालून घरापर्यंत सोडायला येतो. नाही मिळालं तर दिवसभर तुम्ही 'ते कोण फिरतायत ते' होऊन राहता.

मी जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला. नारायणगाव आणि आळेफाट्याच्या आसपास कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्षं आणि दारात दोन-चार जर्शी गाया अशी जी गावं आहेत, त्यातलंच आमचं एक. तालुक्याची घाटाकडची बाजू वेगळी. तिकडं भात, हिरडा, धो धो पाऊस आणि आदिवासी वाड्या. तिकडचं तिकडच्यानं सांगावं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट कसं बघायचं हेही इथं मिळणार नाही. ते सगळं बघून झाल्यावर "एक दिवस गावात राहायचंय" म्हणणारे पाव्हणे दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्याच त्याच चुका करतात. हे त्यांच्यासाठी.

आधी कुणाचे तरी व्हा

पुण्या-मुंबईत जुन्नरचा माणूस शोधायला लागत नाही. ऑफिसात, कंपनीत, मुलाच्या वर्गात कुणीतरी निघतोच. त्याला सांगा. तो म्हणेल, "या की, कधीपण या." या 'कधीपण'वर विसंबू नका, तारीख ठरवूनच घ्या. ओळखीचं कुणीच नसेल तर कृषी पर्यटन केंद्रं आहेत. 2020 मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्यांची रीतसर नोंदणीही होते. तिथं पैसे मोजून राहाल, पण एक फायदा असा की पारावरच्या प्रश्नाला उत्तर तयार असतं: "त्या केंद्रावरचे पाव्हणे." गावाला तेवढं पुरतं.

फोन सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात करू नका, तेव्हा धारा चाललेल्या असतात आणि डेअरीची वेळ गाठायची असते. दुपारी जेवणानंतर किंवा रात्री आठनंतर करा. तीन गोष्टी स्पष्ट सांगा: किती जण, मुक्काम आहे का, आणि मटण-अंडं खाता का. 'अहो, आमच्यासाठी काही विशेष करू नका' हे वाक्य फुकट जातं, ते सोडून द्या. पण न सांगता येऊन थडकू नका. घरातली बाई सकाळी साडेनऊला भाकरी बांधून रानात गेलेली असते. तुम्ही बाराला आलात तर तिची शंभर रोपांची सरी तुमच्यापायी अर्धी राहते, आणि ती हसतमुखानं चहाला आधण ठेवते. तुम्हाला कळतसुद्धा नाही.

कधी यायचं

सुट्टी तुमच्या कॅलेंडरवर असते. रानाला रविवार नसतो. म्हणून कुठलं काम बघायचंय ते ठरवून या.

पावसाळ्यात टोमॅटो असतो. तारकाठीवर बांधलेली झाडं, पहाटे तोडा, मग नारायणगावच्या मोकळ्या बाजारात वीस-वीस किलोचे कॅरेट. हा बाजार एकदा बघाच. 2023 च्या जुलैत इथंच कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, लोक प्लॉटवर राखणीला झोपायचे. त्याच बाजारात असेही दिवस येतात की तोडणीची मजुरी निघत नाही आणि माल बांधावर ओततात. त्यामुळं एक विनंती. "आमच्याकडं हातगाडीवर साठ रुपये किलो आहे हो!" हे वाक्य शेतकऱ्यासमोर उच्चारू नका. त्याला ते माहीत असतं.

भादव्याच्या अमावस्येला आमच्याकडं बैलपोळा. बाकीच्या बऱ्याच महाराष्ट्राचा पोळा श्रावणातल्या अमावस्येला होऊन गेलेला असतो, त्यामुळं चुकीच्या महिन्यात येऊन "बैल कुठं सजवलेत?" विचारणारे भेटतात.

दिवाळीनंतर विघ्नहर कारखान्याचं गाळप सुरू होतं, उसाच्या फडात तोडकऱ्यांच्या टोळ्या उतरतात, रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. रात्री गाडी हाकणाऱ्यांनी जपावं, ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण, मग मार्चपर्यंत काळी द्राक्षं. मार्च-एप्रिलला कांदा काढणी आणि तिच्या आगेमागेच गावोगावच्या यात्रा. मला विचाराल तर हाच मोसम. ऊन कडक असतं, पण गाव पूर्ण जागं असतं. मे महिन्यात मात्र येऊन काय बघणार? विहिरीचा तळ आणि लग्नाचे मांडव.

रस्ता आणि पत्ता

पुण्याहून नारायणगाव साधारण पंच्याहत्तर किलोमीटर. मोशी-चाकणची कोंडी नसली तर दोन तास, असली तर देवाच्या हातात. सकाळी सहाच्या आत चाकण ओलांडा. एसटीनं येणार असाल तर नाशिककडं जाणारी बहुतेक गाडी नारायणगावला आणि आळेफाट्याला थांबते, शिवाय नारायणगावला आगारच आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना फुकट, तेव्हा आजीला घरी ठेवून येण्याचं कारण नाही. मुंबईकरांनी कल्याण-मुरबाड-माळशेज मार्गानं यावं, पण जुलै-ऑगस्टात माळशेजात धुकं आणि दरडी, तेव्हा घाट दिवसाउजेडी उतरा-चढा. रेल्वे आमच्याकडं नाही. येणार येणार म्हणून आम्ही पेपरात वाचतो.

आळेफाटा किंवा नारायणगावहून गावापर्यंत वडाप जीप मिळते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवतो.

आता खरी गंमत. गूगलनं तुम्ही गावठाणात पोचाल. पण आमच्याकडं गावठाणात राहतंय कोण? अर्ध्याहून जास्त घरं मळ्यात आहेत, आपापल्या रानात. मळ्याची नावं आडनावावरून, आणि एका मळ्यात वीस घरं त्याच आडनावाची. त्यात तुमच्या मित्राचं नाव सांगून उपयोग नाही, त्या नावाचे चौघं असतात आणि गावाला त्यांची टोपणनावंच माहीत. म्हणून निघण्याआधी मित्राला दोन गोष्टी विचारून ठेवा: मळा कोणता आणि आजोबांचं नाव काय. "अमक्या मळ्यात, तमक्या अण्णांच्या नातवाकडं" म्हटलं की शाळेतलं पोरगंही हात करून दाखवतं. एकदा एक जोडपं नकाशावर विसंबून आमच्या शेजारच्या उसात गाडी घेऊन घुसलं होतं. नकाशावर तो रस्ता होता, जमिनीवर तो उसाचा ट्रॅक्टर फिरवायचा पट्टा होता. ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली. वर चहा पाजला.

रस्त्यात डाव्या-उजव्या हाताला, नारायणगाव-खोडद बाजूला, रानाच्या मधोमध पांढऱ्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसतील. ती जीएमआरटी दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आकाशातल्या रेडिओलहरी ऐकायला बसवलेल्या. खाली कांद्याचे वाफे आणि वर ते. आम्हाला त्याचं आता काही वाटत नाही. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथं प्रदर्शन असतं, सबंध तालुक्यातली शाळकरी पोरं लोटतात. आत जाताना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तो खरंच बंद ठेवा.

उंबऱ्यावर

मळ्यातल्या घराजवळ आलात की गाडीतून उतरून थेट चालत सुटू नका. आधी कुत्र्यांचा विचार करा. जागेवर उभे राहा आणि मोठ्यानं हाक मारा: "ओ, कोण आहे का घरात?" कुणी बाहेर येऊन कुत्र्याला हाड् म्हणेपर्यंत थांबा. पळालात तर तुमची चूक.

चपला बाहेर. पाय धुवायला पाणी दिलं तर धुवा. प्यायला तांब्या-पेला आला तर तहान नसली तरी दोन घोट घ्या, कारण पाणी नाकारणं म्हणजे घरावर राग धरल्यासारखं दिसतं. चहाचंही तेच. "आम्ही चहा घेत नाही" हे सांगायला हरकत नाही, पण मग दूध येतं, दूध नको म्हटलं तर सरबत, आणि सरबतावर कुणीतरी पोराला दुकानात पिटाळतं. त्यापेक्षा सरळ "अर्धा कप" म्हणा. पूर्णच येईल, पण तुम्ही प्रयत्न केलात.

म्हातारी असेल तर ती आजी, तिचा मालक बाबा किंवा अण्णा. घरधनीण वयानुसार काकू, वहिनी किंवा ताई. 'आंटी' चालत नाही. वारकऱ्याच्या घरात गळ्यात माळ दिसली तर "राम कृष्ण हरी" म्हणा, नाहीतर "राम राम" कुठंही चालतो. मग प्रश्न सुरू होतील. गाव कोणतं, आडनाव काय, शेती आहे का, किती, पगार किती, मुलं किती, एकच का. खासगी वाटतील, पण लपवण्यापेक्षा तुम्हीही उलट विचारा, सगळं सांगतील. विहिरीला पाणी किती हातांवर आहे, सोसायटीचं कर्ज किती, थोरल्याचं लग्न कुठं अडलंय. पस्तिशीतला शेतकरी मुलगा बिनलग्नाचा आहे हा आमच्याकडं घरोघरचा घोर आहे, त्यावर विनोद करू नका.

येताना काय आणावं? लहान मुलांना खाऊ, म्हाताऱ्यांना फळं. द्राक्षांच्या गावात द्राक्षं नेऊ नयेत एवढं भान असू द्या.

रानात

बांधावरून चाला. वाफ्यात पाय घालू नका, ओल्या वाफ्यात तर मुळीच नाही. ठिबकच्या नळ्यांवर उभं राहू नका. काय पिकतंय ते कळत नसेल तर विचारा, गहू आणि लसणात फरक न कळणारे आम्ही भरपूर पाहिलेत, कुणी हसत नाही. म्हणजे समोर हसत नाही.

द्राक्षाचा घड किंवा टोमॅटो तोडून तोंडात टाकण्याआधी मालकाला एकच प्रश्न करा: "फवारा कधी मारलाय?" पाव्हण्यांची पोरं बागेत शिरतात आणि मणी तोंडात टाकत सुटतात. अंगावर निळसर-पांढरे डाग असलेला घड म्हणजे औषध अजून घडावर आहे. मालकाला विचारलंत तर तो स्वतः कुठल्या ओळीतला तोडायचा ते दाखवेल आणि पाण्याखाली धुऊन देईल.

विहिरींना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. पोरांचा हात सोडू नका. मोटरचा स्टार्टर, त्या पत्र्याच्या पेटीतली लाल-हिरवी बटणं, पावसाळ्यात तर बघूसुद्धा नका. कुंपणाला बारीक तार असेल तर ती झटक्याची असू शकते.

कांदा काढणीला आलात तर हातात विळा मागून घ्या. उपटलेला कांदा पातीसकट रानात दोन-चार दिवस सुकवलेला असतो. बायका ओळीनं उकिडव्या बसतात, डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा, मानेपाशी बोटभर ठेवून पात कापायची आणि कांदा पुढं टाकायचा. फार जवळ कापला तर मान उघडी पडते आणि कांदा सडतो, फार लांब ठेवला तर व्यापारी कुरकुरतो. तुम्ही एक कापेपर्यंत शेजारची मावशी सात कापते आणि तेवढ्यात तिच्या सुनेची सगळी कहाणीही सांगून होते. अर्ध्या तासात तुमची कंबर बोलायला लागेल. मग उठा, कुणी काही म्हणत नाही. कापलेल्या कांद्याची आरण, म्हणजे रानातच ढीग लागतो, वरून पात झाकतात, आणि मग निवडून बराखीत.

बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट, अरुंद खोली. जमिनीपासून वर उचललेली, बाजूंना पट्ट्या किंवा जाळी, वर पत्रा किंवा उसाचं पाचट. सगळा खेळ वाऱ्याचा आहे. वारा आरपार खेळला तर उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत टिकतो, कोंडला तर महिन्याभरात वास यायला लागतो. बराखीच्या बाजूनं चालताना नाक उघडं ठेवा. अनुभवी माणूस वासावरून सांगतो की आत कुठल्या कोपऱ्यात सडका कांदा आहे. आणि बराखीकडं बोट करून "एवढा साठवलाय, विकत का नाही?" विचारू नका. भावाची वाट बघणं हा आमच्याकडं सहा महिन्यांचा धंदा आहे. 2023 च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली ती पुढच्या मे महिन्यात उठली, त्या पाच महिन्यांत काय झालं हे विचारलंत तर मात्र तासभर जागचे हलू शकणार नाही.

फोटो काढा, पण रानात काम करणाऱ्या बायकांचे विचारल्याशिवाय नको. ड्रोन तर आणूच नका. 2024 च्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून आमच्या भागात गावोगाव लोक जागत होते, काठ्या घेऊन गस्त घालत होते. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

मासवडी, आणि ती मासळी नाही

जेवायला काय, तर तुमच्यासाठी मासवडी केली असेल. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत पाव्हण्याला मासवडी म्हणजे मान. एकदा पुण्याहून आलेल्या एका शाकाहारी बाईंनी ताट मागं सारलं होतं. नावात मास आहे आणि दिसतेही माशाच्या तुकडीसारखी, त्यांचं तरी काय चुकलं! आजीनं मग त्यांना चुलीपाशी बसवून पहिल्यापासून दाखवली.

तीळ आणि सुकं खोबरं भाजायचं, कांदा तेलावर लाल करायचा, लसूण-कोथिंबीर-मसाला घालून सगळं पाट्यावर भरड वाटायचं. हे सारण. कढईत फोडणीच्या पाण्यात बेसन सोडून घट्ट पिठल्यासारखं हटवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. इथं मनगट लागतं. मग ताटावर ओलं फडकं अंथरायचं, त्यावर गरम पीठ पाण्याच्या हातानं थापायचं, मधोमध सारण पसरायचं आणि फडक्याच्या टोकाला धरून एक बाजू दुसरीवर घडी घालायची. हातानं दाबून लांबट, मध्ये फुगीर, कडेला निमुळता आकार. गार झाली की सुरीनं तिरप्या वड्या. बाहेर पिवळा काठ, आत काळपट सारण. शेजारी काळ्या मसाल्याचा पातळ, तर्रीबाज रस्सा आणि बाजरीची भाकरी.

खायची पद्धत: वडी रश्शात बुडवून ठेवू नका, विरघळते. भाकरी कुस्करून रस्सा ओता, वडी वेगळी तोडून खा. रस्सा तिखट लागला तर पाणी पिऊ नका, कांदा फोडून घ्या. तो आमच्याकडं भरपूर आहे. ताटात टाकू नका, आणि पोट भरलं की ताटावर हात आडवा धरा. तोंडानं "बास" म्हटलेलं कुणी ऐकत नाही.

दिवस मावळल्यावर

हा भाग नीट वाचा.

आमच्याकडं बिबट्या आहे. आम्ही त्याला वाघच म्हणतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, माळरानावर ऊस उभा राहिला, आणि बिबट्याला वर्ष-दीड वर्ष हलवाहलव नसलेलं घर मिळालं. उसातच माद्या वितात, उसातच पिल्लं वाढतात. त्यांना जंगल माहीत नाही. कुत्री, शेळ्या, वासरं नेतात, आणि माणसंही गेली आहेत, त्यात लहान मुलं जास्त. ज्यांच्या घरचं गेलंय त्यांच्यापुढं "पण किती सुंदर प्राणी आहे" म्हणू नका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पकडलेले आणि जखमी तिथं ठेवतात.

तर अंधार पडायच्या आत घरात. बाहेर जायचंच असेल तर एकट्यानं नाही, हातात मोठी बॅटरी, आणि बोलत जा किंवा मोबाइलवर गाणी लावा. त्याला तुमची चाहूल लागली की तो बहुतेक वेळा वाट सोडतो. अंधारात उघड्यावर उकिडवं बसू नका, वाकून काही शोधत राहू नका. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. संडास घराबाहेर असेल तर यजमानाला उठवा, लाजू नका, तोही घरातल्यांना असंच सोबत नेतो. लहान मुलांना अंगणातही एकटं सोडायचं नाही. समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, हात वर करून मोठ्यानं ओरडत हळूहळू मागं सरा. वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन फोनमध्ये टाकून ठेवा.

ऊसतोडीत फडात बछडे सापडले तर मांजराची पिल्लं समजून उचलू नका. आई जवळपासच असते. वन विभागाची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी टोपलीत किंवा कॅरेटमध्ये ठेवतात. टोमॅटोचाच तो कॅरेट. लांब कॅमेरा लावून सगळे निघून जातात. रात्री मादी येते, पंजानं कॅरेट कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते.

तुम्ही झोपल्यावर यजमान मात्र बाहेर जाईल. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, एका आठवड्याला दिवसा, एका आठवड्याला रात्री. रातपाळी असली की मध्यरात्री मोटर चालू करून दारं धरायला जावंच लागतं. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बंद, दुसऱ्याचं उघडं, डोक्याला बॅटरी बांधलेली. "मी पण येऊ का?" असं विचाराल. तो नको म्हणेल. ऐका त्याचं. त्याला स्वतःला सांभाळायचं असतं, त्यात तुम्ही कुठं!

यात्रेला आलात तर

चैत्र-वैशाखात गावागावांच्या यात्रा. आमच्याकडं जत्रा कमी म्हणतात, यात्राच. सकाळी मांडव-डहाळ्यांची मिरवणूक, देवाला शेरणी म्हणजे गोडाचा प्रसाद, रात्री पालखीचा छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. आणि तमाशा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या स्टँडजवळ लागतात, गावोगावचे पुढारी तिथं जाऊन यात्रेसाठी फड ठरवतात, त्याला सुपारी देणं म्हणतात. राष्ट्रपती पदक मिळालेल्या विठाबाई याच नारायणगावच्या. रात्रीचा तमाशा बघा, पण दुसऱ्या दिवशीच्या हजेऱ्या चुकवू नका. दिवसाउजेडी, बिनझगमगाटाचं, कलावंत गावासमोर येऊन गातात. मला तर रात्रीच्यापेक्षा तेच आवडतं.

बैलगाडा शर्यत 2014 च्या बंदीनंतर बरीच वर्षं बंद होती. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. आमच्या भागातली शर्यत चढाच्या धावपट्टीवर होते, तिला घाट म्हणतात. पुढं घोडी, मागं चार बैलांचा गाडा, आणि निकाल सेकंदांवर. एकेका पळण्याला बारी म्हणतात. सकाळी सगळ्यात आधी पहिल्या क्रमांकाची वेळ गाठणारा गाडा फळीफोड, दिवसातला सगळ्यात कमी वेळाचा घाटाचा राजा. निवेदक "भिर्रर्र" म्हणाला की गाडा सुटला. तुम्ही फक्त एवढं करा: कठड्याच्या आत पाय टाकू नका. फोटोसाठी धावपट्टीवर वाकणारे दरवर्षी असतात आणि सुटलेला बैल थांबत नाही. बांधलेल्या शर्यतीच्या बैलालाही मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, पोरासारखं जपलेलं असतं, अंडी-दुधावर.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण. दहा घरांची बोलावणी येतील. तीन घरं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी थोडं खा. पहिल्याच घरात पोटभर जेवणाऱ्याचं पुढं काय होतं ते मी पाहिलंय.

निघताना

"जातो" म्हणू नका, "येतो" म्हणा. घरातली बाई सवाष्णीला हळदी-कुंकू लावेल, ओटीत नारळ किंवा खण घालेल, तो घ्या. यजमानाला पैसे देऊ नका, अपमान वाटतो. नातवंडाच्या हातावर ठेवले तर चालतात, आणि आजी "कशाला, कशाला" म्हणत असताना पटकन ठेवावे लागतात. कृषी पर्यटन केंद्रावर मात्र ठरलेलं बिल चोख द्या, तिथं ओळखीचा भाव मागू नका.

गाडीची डिक्की उघडी ठेवा. एक गोणी कांदा, पिशवीभर टोमॅटो, मेथीच्या जुड्या, बाटलीत दूध, हे सगळं तुम्ही नको म्हणत असताना आत जाऊन बसतं. दूध घरी पोचेपर्यंत टिकत नाही, वाटेत चाकणला उतरून चहाला देऊन टाका हवं तर. घरी गेल्यावर गोणी तशीच बांधलेली ठेवू नका. बाल्कनीत, उन्हाच्या आड, वारा लागेल अशी पसरा, बटाट्यापासून लांब. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला कांदा बाजूला काढा.

आणि पोचल्या पोचल्या फोन करा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी करा. आजी जागीच असते, "पोचले का गं ते?" असं सुनेला तीनदा विचारून झालेलं असतं.